मोरचुदाचा रंग

शिमगा सरला की आमच्या नागावात दुपारचा वारा समुद्राकडून सुटतो आणि त्याच सुमाराला परीक्षा येतात. दोहोंचा संबंध काय, हे मला सांगता येणार नाही. पण गेली पंधरा-सोळा वर्षं तो खारा वारा अंगाला लागला की मला पहाटेच जाग येते. मी आता परीक्षा देत नाही, घेतो. शाळेत शास्त्र शिकवतो, पोरांचे पेपर तपासतो, लाल शाईने बोटं माखून घेतो आणि संध्याकाळी अंग असं आंबून जातं की चहाचा पेलासुद्धा जड वाटतो. चाळिशी आली, असं बायको म्हणते. मला वाटतं, चाळिशी माझ्याकडे बरीच आधी आली होती. फक्त वयाने नंतर गाठलं.

यंदा घरात खरीखुरी परीक्षार्थी आहे. माझ्या थोरल्या भावाची मुलगी कुसुम, इंटर सायन्सला आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात अभ्यास होत नाही म्हणून पुस्तकांची ट्रंक घेऊन वाडीत आली आहे. सकाळी रहाटाजवळच्या पोफळीखाली चटई टाकते आणि पुढेमागे डुलत पाठ करते, "हायड्रॉक्सिल, अल्डिहाइड, कार्बॉक्सिल, अमिनो." रहाटाची कुरकुर आणि तिचा सूर असा काही जुळतो की आमचा जुना गडी धाकू परवा हात जोडून उभा राहिला.

"ताई कंचं स्तोत्र म्हनते?" त्याने मला हळूच विचारलं.

"सरस्वतीचं," मी म्हटलं. काय सांगणार?

तीच कुसुम काल माझ्यापुढे येऊन बसली. "काका, साखर गोड आणि ग्लुकोजही गोड. पण त्या निळ्या द्रावणात उकळलं की ग्लुकोजने रंग लाल होतो आणि साखरेने निळाच राहतो. असं का?"

शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे बैलाला पेंढा. मी सरसावून बसलो. म्हटलं, "हे बघ, ग्लुकोज म्हणजे सहा कार्बनांची साखळी. तिच्यावर पाच हायड्रॉक्सिल, अगदी गरीब, कुणाच्या अध्यात नाहीत. टोकाला मात्र एक अल्डिहाइड बसलेलं असतं. सगळा तंटा त्याचा. त्याला प्राणवायूची हाव. द्रावणातल्या मोरचुदाला ते धरतं, त्याच्याकडून ओरबाडून घेतं, आणि तांब्याचा निळा रंग उतरून विटेसारखा लाल गाळ खाली बसतो. आता आपली वाण्याकडची साखर. तिच्यात दोन साखरा असतात, पण त्यांनी आपापला तंटेखोर हात एकमेकींच्या हातात अडकवून ठेवलेला असतो. हात मोकळा नाही, म्हणून तंटा नाही."

"म्हणजे लग्न झाल्यासारखं," कुसुम म्हणाली.

"तुझ्या काकूला विचारून सांगतो."

ती हसली, वहीत लिहायला लागली आणि लिहिता लिहिता म्हणाली, "हे द्रावण घरी करता येतं का हो? पुस्तकात काय काय लागतं ते दिलंय. मोरचूद तर आपल्याकडे आहेच."

मी उठलो. पेपर तपासायचे आहेत, असं काहीतरी म्हणालो. ती बिचारी बघत राहिली. पेपर आदल्या दिवशीच संपले होते, आणि हे तिला ठाऊक होतं.

मोरचूद आमच्याकडे असतोच. पावसात सुपारीच्या घोसांना रोग लागून कोवळी फळं गळतात, म्हणून चुना आणि मोरचूद पाण्यात कालवून ते घोसांवर मारायचं, हे शेतकीच्या माणसांनी गावाला शिकवलं. तेव्हापासून पडवीच्या कोनाड्यात त्याचे निळे खडे एका मडक्यात असतात. रंग असा सुंदर की देवापुढे ठेवावा. त्या रंगाने माझ्या हातून जे करवलं, ते घरात अजून कुणी बोलून दाखवत नाही. न बोलणारी माणसं फार दमवतात.

माझ्या बी.एस्सी.च्या परीक्षेच्या आधीचा तो माघ होता. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पाण्याचा तांब्या घेऊन वाडीत हिंडायला लागले होते. अंगावरची बंडी सैल झाली होती. एक दिवस धाकूनेच आईला सांगितलं, "अण्णा जितं बसतान लघवीला, तितं मुंग्या लागतान." आईने तोंडाला पदर लावला. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मधुमेह. मुंबईत इन्सुलिन म्हणून नवीन औषध आलंय म्हणतात, ते पुढे म्हणाले. आपल्याकडे सध्या ते ऐकायला मिळतं, टोचायला नाही. तोवर औषध एकच, तोंड आवरणं. भात बंद, गूळ बंद, केळं-आंबा बंद. पालेभाजी, ताक, अंडं, उकडलेली मासळी. साखर उतरत गेली तर पुढे दुपारी मूठभर भात.

अण्णांना भात बंद! हे ज्याने अण्णांना जेवताना पाहिलंय त्यालाच कळेल. आमच्या घरात तांदूळ निवडताना बायकांचं जितकं लक्ष नसे तितकं अण्णांचं असे. भाताची वाफ नाकाशी आली की ते डोळे मिटत. वालाचं बिरडं, त्यावर ओलं खोबरं आणि खाली आमच्याच खाचरातला लालसर भात. एवढं मिळालं की स्वर्गात कोण आहे नि कोण नाही, याची त्यांना चौकशी नव्हती. त्या माणसाने डॉक्टरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "पेजेचं वरचं पाणी?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले.

मी अभ्यासाच्या रजेवर घरी आलो तो हातात बाटली घेऊनच. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून साखर ओळखायचं निळं द्रावण मागून आणलं होतं. आई म्हणाली, "देवासारखा आलास." मलाही ते थोडंसं पटलं, हे कबूल करायला हवं. घराण्यात पहिला सायन्सवाला. रोज सकाळी आणि दुपारी काचनळीत द्रावण घ्यायचं, त्यात अण्णांच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. घरातली सगळी माणसं भोवती. पहिल्या दिवशी विटेचा लाल. आठवड्याने नारिंगी. मग पिवळा, मग हिरवट. पंधराव्या-सोळाव्या दिवशी नळी जवळजवळ निळी राहिली. आईने दारात जाऊन तुळशीला नमस्कार केला, आणि नमस्कार मलाच केल्यासारखा मी मान हलवली.

डॉक्टरांनी दुपारी मूठभर भाताची परवानगी दिली. अण्णांनी ती मूठ अर्धा तास खाल्ली. एकेक शीत. शेवटी ताटाला लागलेलं बोटाने टिपून घेतलं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजर काढवतही नव्हती.

त्या दिवसांतली दुपार अजून अंगावर येते. आंब्याचा मोहोर गळून अंगणभर पिवळी रेती झालेली. कोळीवाड्याकडून सुकत्या बोंबलांचा वास. माडावर बांधलेल्या मडक्यातली माडी सकाळी गोड, दुपारी चढणारी आणि परवापर्यंत ठेवली तर आंबट ढाण. मी पुस्तकातून डोकं वर काढून मनाशी म्हणायचो, आधी साखर, मग हायड्रॉक्सिलचा अल्कोहोल, मग कार्बॉक्सिलचं आम्ल. तीच कार्बनची माणसं, टोकाला कोण बसलं त्यावर सगळा स्वभाव. मला हे फार मोठं सत्य वाटायचं. आमचीच साखळी बघा, आजोबांपासून सगळे शांत, सहनशील. आणि टोकाला मी.

बाटली संपली. दिवसाला दोनदा उकळली तर संपणारच. परीक्षा तोंडावर आलेली. बाटलीसाठी रेवसहून बोटीने मुंबईला जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार. मी पुस्तक उघडलं. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट. पहिले दोन घरात. तिसरं म्हणजे काय? लिंबाचं आम्ल अधिक सोडा. लिंबं? विहिरीच्या कडेला झाड वाकलं होतं लिंबांनी. नागावच्या वाडीत वाढलेल्या पोराला वाणसामानाची यादी दिसली की तो आधी वाडीत हिंडून बघतो, काय काय झाडावर आहे. आमच्याकडे अर्धं जग असं झाडावरून उतरतं. मी तीसभर लिंबं पिळली, रस सोड्यावर ओतला. फसफसून घंगाळ भरलं. पंच्याच्या फडक्यातून दोनदा गाळलं. त्यात मोरचूद विरघळवला. रंग कॉलेजच्यापेक्षा किंचित हिरवट आला. त्याला मी गावरान निळा म्हटलं.

आई म्हणाली, "हुशार आहे हो माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी पिवळी झाली. चांगली पिवळीजर्द.

मी अण्णांकडे पाहिलं. "काल काय खाल्लंत?"

"तू दिलंस ते."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

दुपारी पिवळी. दुसऱ्या दिवशी पिवळी. मी मूठभर भात बंद केला. तरी पिवळी. मग ताक निम्म्यावर आणलं. मासळी तेवढी ठेवली. तरीही तोच पिवळा. आज विचार केला तर कळतं, रोज अगदी तोच रंग, रेसभर इकडे नाही की तिकडे नाही, असं माणसाच्या शरीरात कधी होत नसतं. बाटलीच्या तळाशी नुसत्या ठेवण्यानेच तांबूस गाळ बसायला लागला होता, तोही मी पाहिला होता. मोरचूद गावठी, म्हणून मळ, असं ठरवून टाकलं. ज्याला खात्री असते त्याला दिसत असतं, पण त्याचे डोळे कामाला लागत नाहीत.

मी धाकूला माडाखाली गाठलं. "शहाळी देतोस ना त्यांना?"

"न्हाय वो, धाकटं दादा. मी हाय ना दिसभर त्यांच्यासंगं. अण्णा काय न्हाय खात. सुपारी पन सोरली त्यांनी."

"खोटं बोलू नकोस."

धाकूने कोयता माडाला टेकवला आणि दुसरीकडे निघून गेला. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा.

मग आईवर संशय. मी जेवणघरात बसून अभ्यास करायला लागलो. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अरे, त्या नळीचं तोंड रोज बघतोस. एकदा बापाचं तोंड बघ. गालफडं बसली त्यांची."

"ती साखरेमुळे बसली."

"उपाशी राहून बसली. मला काचेच्या नळीतलं कळत नाही. ताटातलं कळतं."

मी तिला समजावून सांगितलं. अल्डिहाइड, तांबं, प्राणवायू. ती ऐकत होती, आणि तिचा हात थापायचा थांबला नव्हता. शेवटी म्हणाली, "ते तांबं खोटं बोलत नाही, आणि तुझा बाप बोलतो. असंच ना?"

मी पुस्तकाचं पान उलटलं. ते उत्तरच होतं.

अण्णांच्या शब्दाची गावात काय किंमत होती, ते सांगायला हवं. दोन वाड्यांच्या हद्दीचा वाद आला की लोक अण्णांना घेऊन जात. अण्णा शेंडीचा नारळ देवापुढे ठेवत, त्यावर हात ठेवून कुठली खूण खरी ते सांगत, आणि वाद तिथे संपे. कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

मी मुंबईला निघण्याच्या आदल्या सकाळी नळी पुन्हा पिवळी झाली तेव्हा अण्णा ओटीवरून उठले. उठताना त्यांनी खांबाला धरलं. आत गेले, देवघरातला नारळ घेऊन आले, पाटावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. म्हणाले, "महिनाभरात तुझ्या आईने जे वाढलं, त्याच्याबाहेर एक दाणा माझ्या तोंडात गेला असेल तर..."

मी पुढलं ऐकून घेतलं नाही. म्हणालो, "अण्णा, नारळाची आणि तांब्याची काही प्रक्रिया होत नाही."

हे वाक्य मी कसं बोललो? मला तेव्हा ते चांगलं जमलेलं वाटलं होतं. त्या वयात वाक्य जमलं की माणूस दुसरं काही बघत नाही. अण्णांनी नारळावरचा हात काढला, दुसऱ्या हाताने पुसला आणि नारळ परत आत नेऊन ठेवला. मी आईला बजावलं, मी येईपर्यंत भाताचं नाव नाही. आणि दुसऱ्या दिवशी बोटीला गेलो.

प्रात्यक्षिक परीक्षेला समोर दोन अनोळखी बाटल्या होत्या. कशात साखर आहे ते ओळखायचं. मी सराईतासारखी नळी घेतली, द्रावण घेतलं, थेंब टाकायला लागलो. मागून परीक्षक आले. वृद्ध, जाड भिंगाचा चष्मा. इंग्रजीत, पण आपल्याकडच्या आजोबांच्या आवाजात म्हणाले, "आधी नुसतं द्रावण उकळून पाहिलंत का? काही न टाकता? मग नुसतं पाणी टाकून?"

"नाही, सर."

"मग रंग बदलला तर तो द्रावणाचा की तुमच्या पदार्थाचा, हे तुम्हाला कसं समजणार?"

मी उकळलं. नुसतं द्रावण. निळं राहिलं. स्वच्छ, मोरपिसासारखं निळं. ते बघता बघता माझ्या बोटांना लिंबाचा वास आला. लिंबाला आंबटपणा कार्बॉक्सिलचा. पण लिंबात साखरही असते. थोडी, जिभेला कळणार नाही एवढी, पण मोकळ्या हाताची, तांब्याला ओरबाडणारी. तीस लिंबांची साखर मी रोज दिव्यावर उकळत होतो आणि ती बापाच्या नावावर लिहीत होतो.

इथे एखादा परीक्षा टाकून धावत सुटला असता. मी तसा नाही. मी दोन्ही बाटल्या बरोबर ओळखल्या, उत्तरपत्रिकेवर सुवाच्य लिहिलं, पुढचे दोन दिवस राहिलेले पेपर दिले. तार करता आली असती. पण आमच्या गावात तार आली की आधी रडून घेतात, मग वाचतात. म्हणून केली नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तारेत काय लिहायचं, ते सुचलं नाही. "भात द्या" एवढे दोन शब्द पुरले असते. ते तीन दिवस अण्णा माझ्या हुकमाप्रमाणे उपाशी होते, आणि त्या तीन दिवसांचा दोष ना लिंबाला देता येतो ना मोरचुदाला.

मी घरी पोचलो तेव्हा अण्णा ओटीवर आडवे होते. उठून बसले. मी पायसुद्धा न धुता दिवा पेटवला, घरची बाटली काढली, नळीत ओतली आणि विहिरीच्या पाण्याचे आठ थेंब टाकले. आई, धाकू, सगळे बघत होते. नळी गरम झाली. हिरवी झाली. मग पिवळी. तोच पिवळा.

अण्णांनी नळीकडे पाहिलं, मग विहिरीकडे.

"म्हणजे विहिरीलाही मधुमेह आहे तर," ते म्हणाले.

धाकू फस्सकन हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. आई आत गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला. मी अण्णांच्या पायाशी बसून राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण पाय धुऊन येतो, एवढंच म्हणालो. अण्णांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. म्हणाले, "पेपर कसे गेले?"

कॉलेजची नवी बाटली आणली होती, तिने दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. पुसट हिरवा. मूठभर भात चालेल एवढा. मी पास झालो, तिसऱ्या वर्गात. साखर ओळखण्याचे गुण पूर्ण मिळाले.

कुसुमला हे सगळं सांगावं असं काल रात्रीपासून मनात आहे. सांगितलं तर ती म्हणेल, काका, मग सगळं ठीकच झालं की. आणि मला पुढचं सांगता येणार नाही. पुढचं म्हणजे हे.

त्यानंतर अण्णा चार वर्षं होते. रुसले नाहीत, टोचून बोलले नाहीत, हद्दीच्या वादाला मात्र पुन्हा गेले नाहीत. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, "आता दुसरा बघा." आणि जेवताना एक नवीन सवय लागली. मी घरात असलो की पहिला घास घेण्याआधी ते ताट किंचित उचलून माझ्याकडे करत. "बघ. एवढा घेऊ ना?" आवाजात राग नाही, कुत्सितपणा नाही. खरोखरच विचारत. मी म्हणायचो, "अण्णा, मला काय विचारता? जेवा." ते मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट उचलत. बापाने मुलाकडे असं बघावं, असे डोळे मी त्यांचे आधी कधी पाहिले नव्हते. कितीदा वाटलं, त्यांनी एकदा ताट भिरकावून द्यावं. मला बरं वाटलं असतं.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता काही बंद नाही, मागतील ते द्या. आईने मऊ पेज केली, मीठ घातलं, तूप घातलं. मी चमचा भरून त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. डोळे माझ्याकडे वळले, ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल, अण्णा," मी म्हटलं.

मग त्यांनी तोंड उघडलं.